एन्क्रिप्शनची सहावी अट

ऑगस्ट केर्कहॉफ्स हे मूळचे नेदरलँड्सचे, पण पॅरिसमध्ये भाषा शिकवणारे प्राध्यापक होते. १८८३ साली फ्रान्समधील एका लष्करी नियतकालिकात त्यांनी गुप्तलेखनावर, म्हणजे आजच्या भाषेत एन्क्रिप्शनवर, दीर्घ लेख लिहिला आणि लष्कराने वापरायच्या कोणत्याही गुप्तलेखन पद्धतीसाठी सहा अटी घालून दिल्या. त्यांतली दुसरी अट आज या विषयाच्या विद्यार्थ्याला अगदी सुरुवातीलाच शिकवली जाते: पद्धत शत्रूच्या हाती लागली तरी काही बिघडता कामा नये, गुप्त राहायला हवी ती फक्त किल्ली, म्हणजे मजकूर बंद करायला आणि उघडायला लागणारा संकेत. सहाव्या अटीचे नाव मात्र क्वचितच कोणी काढते. ज्या परिस्थितीत पद्धत वापरायची आहे ती पाहता, ती सोपी असावी, तिच्यापायी डोक्याला ताण पडू नये आणि नियमांची जंत्री लक्षात ठेवावी लागू नये, अशी ती अट आहे.

दुसऱ्या अटीवर गणितज्ञांनी चोख काम केले. १९७६ साली व्हिटफील्ड डिफी आणि मार्टिन हेलमन यांनी सार्वजनिक किल्लीची कल्पना मांडली (मजकूर बंद करायची किल्ली जगजाहीर, तो उघडायची मात्र ज्याची त्याच्याकडे गुप्त), पुढच्याच वर्षी आरएसए ही पद्धत आली, आणि एकमेकांना कधीही न भेटलेल्या दोन माणसांना उघड्या तारेवरून गुपित बोलता येण्याचा मार्ग मोकळा झाला. सहावी अट मात्र त्यानंतर कितीतरी वर्षे तशीच पडून राहिली, आणि माझ्या मते एन्क्रिप्शनचा सर्वसामान्य माणसांपर्यंतचा प्रवास रखडला तो गणितामुळे नव्हे, तर याच दुर्लक्षामुळे. सॉफ्टवेअर सोपे करायचे म्हणजे बटणे मोठी करायची, रंग प्रसन्न ठेवायचे आणि मदतीचे एक पान जोडायचे, असा समज आमच्या धंद्यात अजूनही पक्का आहे. खरे काम त्याच्या अलीकडचे आहे: वापरणाऱ्याला कोणते निर्णय घ्यायला लावायचे, कोणते आपणच घेऊन टाकायचे आणि ते आपण घेतले म्हणून त्याने आपल्यावर किती भरवसा ठेवावा लागेल, हे आधी ठरवायचे असते.

हे दाखवायला पीजीपीइतके चांगले उदाहरण नाही. फिल झिमरमन या अमेरिकी प्रोग्रॅमरने १९९१ साली ‘प्रीटी गुड प्रायव्हसी’, म्हणजेच पीजीपी, हे ईमेल एन्क्रिप्ट करण्याचे सॉफ्टवेअर लिहून फुकट वाटले. त्या काळी अमेरिकेत मजबूत एन्क्रिप्शनची निर्यात शस्त्रांच्या निर्यातीसारखीच परवान्यात अडकलेली होती, त्यामुळे झिमरमन यांच्यामागे चौकशीचा ससेमिरा लागला आणि तो १९९६ साली सुटला. एवढा धोका पत्करून त्यांनी जे लोकांच्या हाती दिले ते गणिताच्या दृष्टीने खरोखरच भक्कम होते. प्रत्येकाने आपल्यासाठी किल्ल्यांची जोडी तयार करायची, एक जगजाहीर करायची आणि दुसरी जिवापाड जपायची. ज्याला पत्र पाठवायचे त्याची जाहीर किल्ली मिळवायची, ती खरोखर त्याचीच आहे याची खात्री करून घ्यायची, तिने मजकूर बंद करायचा आणि आपल्या खासगी किल्लीने त्यावर सही करायची. वाचायला हे एक वाक्य आहे. करायला बसले की त्यात निदान सहा-सात ठिकाणी चूक होऊ शकते, आणि त्यांतल्या बहुतेक चुका झाल्याचे चूक करणाऱ्याला कळतही नाही.

अल्मा व्हिटन आणि जे. डी. टायगर या दोघा संशोधकांनी १९९९ साली हे तपासून पाहिले. पीजीपीची पाचवी आवृत्ती तेव्हा बाजारात होती आणि तिचा चेहरामोहरा त्या काळच्या मानाने चांगला, चित्रांचा, माउसने चालवण्याचा होता. म्हणजे ‘बटणे सुधारा’ हा सल्ला आधीच अमलात आलेला होता. ईमेल सहज वापरणाऱ्या १२ जणांना त्यांनी सांगितले, की तुम्ही एका निवडणूक प्रचारात स्वयंसेवक आहात आणि प्रचाराची गुप्त माहिती तुम्हाला तुमच्या सहकाऱ्यांना एन्क्रिप्ट करून, सही करून पाठवायची आहे. वेळ ९० मिनिटांचा. एवढ्या वेळात हे काम नीट पार पाडू शकले फक्त एक तृतीयांश लोक. तिघांच्या हातून ती गुप्त माहिती एन्क्रिप्ट न करताच निघून गेली. सात जणांनी मजकूर सहकाऱ्यांच्या किल्लीने बंद करण्याऐवजी स्वतःच्याच सार्वजनिक किल्लीने बंद केला, म्हणजे तो त्यांच्याशिवाय कोणालाच उघडता येणार नव्हता. एकाने तर सहकाऱ्यांच्या नावाने स्वतःच किल्ल्यांच्या जोड्या तयार केल्या आणि त्या वापरल्या.

या चुकांकडे पाहून हसणाऱ्यांची आमच्यात कमतरता नाही, पण मला त्या चुका अतिशय समंजस वाटतात. पत्र मी पाठवतो आहे, तर ते माझ्या किल्लीने बंद व्हायला हवे, हा तर्क व्यवहारातल्या प्रत्येक कुलपाला लागू पडतो. पीजीपीच्या कुलपालाच तो लागू पडत नव्हता, आणि हा अपवाद पडद्यावर कोठेही दिसत नव्हता. माहिती एन्क्रिप्ट न करता पाठवणाऱ्या तिघांपैकी एकाचा तर असा समज होता, की सुरक्षेचे काम सॉफ्टवेअर आपोआप, आपल्याला न सांगता करत असेल. १९९९ साली त्याची गणना अपयशी ठरलेल्यांत झाली. पुढे सतरा वर्षांनी जगाने जे स्वीकारले ते त्याच्याच अपेक्षेप्रमाणे बांधलेले होते.

व्हिटन आणि टायगर यांनी या चाचणीवरच्या निबंधात मांडलेल्या दोन गोष्टी आजही प्रत्येक प्रकल्पाच्या सुरुवातीला भिंतीवर लावाव्यात अशा आहेत. पहिली ही, की सुरक्षा हे कोणाचेच मुख्य काम नसते. माणूस संगणकासमोर बसतो तो पत्र लिहायला, पैसे पाठवायला, फोटो दाखवायला. सुरक्षा त्याला हवी असते, पण वाटेत थांबून तिच्यासाठी वेगळे कष्ट करण्याइतकी नाही. दुसरी ही, की गुपित एकदा क्षणभर जरी उघडे पडले तरी ते कोणी पाहिले की नाही हे कळायला मार्ग नसतो, म्हणून इथे ‘चुका आणि शिका’ चालत नाही. इतर सॉफ्टवेअरमध्ये वापरणारा दोनदा चुकतो, तिसऱ्यांदा शिकतो. एन्क्रिप्शनमध्ये पहिल्याच चुकीला सगळे संपलेले असते.

आणि हे काही अडाण्यांपुरते नाही. डिसेंबर २०१२ मध्ये ग्लेन ग्रीनवाल्ड या पत्रकाराला एका निनावी माणसाचा ईमेल आला: तुमच्याशी महत्त्वाचे बोलायचे आहे, त्यासाठी आधी पीजीपी बसवून घ्या. ग्रीनवाल्ड रिओ दि जानेरोत राहत होते, सरकारी पाळत हाच त्यांच्या लेखनाचा विषय होता. निनावी माणसाने त्यांना कृती टप्प्याटप्प्याने लिहून दिली, नंतर त्यासाठी खास व्हिडिओही बनवून पाठवला. तरीही ते काम मागे पडत गेले. शेवटी कंटाळून त्या माणसाने लॉरा पॉइट्रस या चित्रपटकर्तीशी संपर्क साधला, कारण तिला पीजीपी वापरता येत होते. तो माणूस एडवर्ड स्नोडेन होता. जून २०१३ मध्ये अमेरिकी सरकारच्या गुप्त पाळतीची जी बातमी जगभर गाजली ती एका सॉफ्टवेअरच्या किचकटपणापायी ग्रीनवाल्ड यांच्या हातून जवळजवळ निसटली होती. ग्रीनवाल्ड यांनी ही हकीकत स्वतःच नंतर लिहिली आहे. त्यांना आळशी म्हणण्यात अर्थ नाही. त्यांच्याकडे रोज अशी अनेक पत्रे येत असणार आणि त्यांतल्या एकासाठी संध्याकाळभर किल्ल्या जुळवत बसावे असे त्यांना का वाटावे?

पुढे सिग्नल म्हणून ओळखल्या जाऊ लागलेल्या, संदेश पाठवण्याच्या ॲपसाठी मॉक्सी मार्लिनस्पाइक आणि ट्रेव्हर पेरिन यांनी जी पद्धत बांधली, तिचे वेगळेपण मला गणितापेक्षा वगळण्यात दिसते. किल्ल्या तयार करायच्या का, हा प्रश्न वगळला. ॲप बसवताक्षणी त्या तयार होतात. किल्ली किती लांब असावी, हा प्रश्न वगळला. दुसऱ्याची किल्ली कोठून आणायची, हाही वगळला. प्रत्येक फोन आपल्या सार्वजनिक किल्ल्या आणि एकदाच वापरायच्या किल्ल्यांचा साठा सर्व्हरवर ठेवून देतो, त्यामुळे समोरचा फोन बंद असला तरी त्याच्यासाठी संदेश बंद करता येतो. संदेश एन्क्रिप्ट करायचा की साधाच पाठवायचा, हा पर्यायच ठेवला नाही, आणि माझ्या दृष्टीने सगळ्यांत मोठा निर्णय हाच. पीजीपीच्या जगात ‘पाठवा’ हे बटण एन्क्रिप्शनशिवायही तितक्याच तत्परतेने चालत असे. व्हॉट्सॲपने ५ एप्रिल २०१६ रोजी हीच पद्धत आपल्या सर्व संदेशांना लागू केली तेव्हा त्याचे वापरकर्ते एक अब्जाहून अधिक होते. माझी मावशी त्या दिवशीही रोजच्यासारखीच सुप्रभातची फुले पाठवत होती, आणि त्या फुलांना लष्करी दर्जाचे कवच मिळाले आहे याचा तिला पत्ता नव्हता. तो असण्याची गरजही नव्हती.

या वगळण्याची किंमत मात्र आहे, आणि ती लपवली जाते तेव्हा मला राग येतो. समोरच्याची किल्ली तुम्हाला सर्व्हर देतो. म्हणजे सर्व्हरने उद्या तिसऱ्याच कोणाची किल्ली तुमच्या हाती दिली तर तुमचा संदेश त्या तिसऱ्यासाठी बंद होईल आणि तुम्हाला काही कळणार नाही. यावर उपाय व्हॉट्सॲपमध्येच आहे. संपर्काच्या माहितीत जाऊन ‘एन्क्रिप्शन’वर बोट ठेवले, की एक क्यूआर कोड आणि त्याच्याखाली पाच-पाच आकड्यांचे बारा गट दिसतात. दोघांच्या फोनवर हे ६० आकडे सारखे असतील तर मध्ये कोणी नाही. हे पान मी ज्यांना ज्यांना उघडून दाखवले, त्यांतल्या एकानेही ते पूर्वी पाहिलेले नव्हते. समोरच्याने फोन बदलला की हे आकडे बदलतात, आणि तसे झाल्याची सूचना व्हॉट्सॲपमध्ये मुळात बंद असते. ती आपण सेटिंगमध्ये जाऊन चालू करायची.

जानेवारी २०१७ मध्ये यावरून मोठा वाद झाला. ज्याला संदेश गेला आहे त्याने तो मिळण्याआधीच फोन बदलला, तर व्हॉट्सॲप तो संदेश नव्या किल्लीने पुन्हा बंद करून आपोआप पाठवत असे. सिग्नल मात्र अशा वेळी थांबून पाठवणाऱ्याला विचारत असे. ‘द गार्डियन’ने व्हॉट्सॲपच्या या वागण्याला मागचे दार, म्हणजे संदेश चोरून वाचण्यासाठी ठेवलेली वाट, म्हटले. त्यावर समाजशास्त्रज्ञ झेनेप तुफेक्ची यांनी खुले पत्र लिहिले आणि अनेक सुरक्षातज्ज्ञांनी त्यावर सह्या केल्या. त्यांचे म्हणणे असे, की हा मागचा दरवाजा नाही, ही सोय आणि सावधगिरी यांच्यातली जाणूनबुजून केलेली निवड आहे, आणि अशा मथळ्यामुळे घाबरलेले लोक व्हॉट्सॲप सोडून साध्या एसएमएसवर जातील. पुढे त्या वृत्तपत्राने स्वतःच फेरतपासणी करून ती बातमी सदोष असल्याचे मान्य केले. मला या वादात तुफेक्चींची बाजू पटते. आपल्याकडे एका घरात एक फोन तिघांच्या हाती फिरतो, जुना फोन मुलाला देऊन नवा घेतला जातो, सिमकार्ड बदलते. अशा ठिकाणी दर वेळी थांबून ‘किल्ली बदलली आहे, पुढे जाऊ का?’ असे विचारणारे ॲप लोकांना एकच गोष्ट शिकवील, ती म्हणजे न वाचता ‘होय’ दाबणे.

मग खात्री करायचीच नाही का? करायची, पण माणसाने नव्हे. व्हॉट्सॲपने एप्रिल २०२३ मध्ये सर्वांच्या सार्वजनिक किल्ल्यांची अशी वही ठेवायला सुरुवात केली, की तिच्यात केलेला बदल गुपचूप पुसता येत नाही, आणि ॲप स्वतःच ती वही तपासून पाहू शकते. हे काम कोणाच्या नजरेत भरले नाही आणि कोणी त्याची जाहिरातही फारशी केली नाही. पण साठ आकडे वाचून दाखवायला लावण्यापेक्षा ही दिशा शंभर पटींनी बरी.

वेबसाइटशी होणारी देवाणघेवाण एन्क्रिप्टेड असल्याचे सांगणाऱ्या, ब्राउझरमधल्या कुलपाची गोष्टही अशीच आहे, फक्त तिथे सामान्य माणूस म्हणजे वाचणारा नव्हे, तर छोटी वेबसाइट चालवणारा. पूर्वी त्या कुलपासाठी लागणारे प्रमाणपत्र विकत घ्यावे लागे, अर्जाची फाइल तयार करून पाठवावी लागे, आलेली फाइल सर्व्हरवर योग्य जागी ठेवावी लागे, आणि मुदत संपली की पुन्हा तेच. डिसेंबर २०१५ मध्ये लेट्स एन्क्रिप्ट ही प्रमाणपत्रे देणारी सेवा सर्वांसाठी खुली झाली. प्रमाणपत्र फुकट आणि एका आज्ञेत. मुदत मात्र मुद्दाम ९० दिवसांचीच ठेवली. दर तीन महिन्यांनी हाताने नूतनीकरण करायचे म्हटले की माणूस वैतागतो आणि ते काम यंत्रावर सोपवतो, असा त्यामागचा हिशेब होता. वाचणाऱ्याच्या बाजूचे कुलूपचित्र मात्र फसले. कुलूप दिसले म्हणजे वेबसाइट प्रामाणिक, असे लोक समजत राहिले, आणि फसवणूक करणाऱ्यांनाही तेच फुकटचे कुलूप मिळत होते. गूगलने केलेल्या एका पाहणीत त्या चित्राचा नेमका अर्थ फक्त ११ टक्के लोकांना सांगता आला. सप्टेंबर २०२३ मध्ये क्रोममधून ते चित्र काढून टाकण्यात आले.

आतापर्यंतचे सगळे दूर देशीचे झाले. आपल्याकडे सामान्य माणूस स्वतःच्या हाताने उघडतो असे एन्क्रिप्शन कोणते? पासवर्ड घातलेली पीडीएफ. बँकेचे स्टेटमेंट, विम्याची पॉलिसी आणि सगळ्यांत जास्त म्हणजे ई-आधार. तिचा पासवर्ड ठरलेला आहे: नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरे मोठ्या लिपीत आणि पुढे जन्मसाल, एकूण आठ अक्षरे. आमच्या भागातल्या झेरॉक्सच्या दुकानात गिऱ्हाईक ही फाइल दुकानाच्या नंबरवर व्हॉट्सॲप करते. काउंटरमागचा मुलगा ती संगणकावर उघडतो, पासवर्डची चौकट येते, आणि तो मान वर न करता विचारतो, “काका, जन्मसाल?” नाव तो विचारत नाही, ते व्हॉट्सॲपवर दिसतच असते. “एकसष्ट,” काका म्हणतात. फाइल उघडते, रंगीत प्रिंट निघते, लॅमिनेशनच्या यंत्रातून जाते, आणि फाइल संगणकाच्या डाउनलोडमध्ये इतर शेकडो फाइलींच्या सोबत पडून राहते.

या पासवर्डने कोणाला अडवले? ज्याच्या हाती फाइल आहे त्याला बहुधा नाव माहीतच असते, आणि जिवंत माणसाच्या जन्मसालाचे पर्याय शंभराच्या आसपास. एखादा छोटा प्रोग्रॅम ते डोळ्याचे पाते लवायच्या आत संपवील. अडले ते काकाच, ज्यांना घरच्या संगणकावर इंग्रजी मोठी अक्षरे कशी काढायची हे ठाऊक नव्हते म्हणून ते दुकानात आले. त्याच फाइलवर ती अस्सल असल्याचे सिद्ध करणारी डिजिटल स्वाक्षरी आहे, पण पीडीएफ उघडली की तिच्यावर पिवळे प्रश्नचिन्ह दिसते आणि ती वैध आहे की नाही हे माहीत नसल्याचे इंग्रजीत लिहून येते. ते घालवायला सेटिंगमध्ये शिरून प्रमाणपत्रावर विश्वास असल्याचे सांगावे लागते. हे कोणी करत नाही, करणाऱ्या माणसाला दुकानदार वेडा समजेल. आधारवरचा क्यूआर कोडही स्वाक्षरीने बांधलेला असतो आणि तो स्कॅन करून इंटरनेटशिवाय खरेखोटे करता येते, पण खिडकीमागचा कारकून पाहतो तो लॅमिनेशनची चकाकी आणि मागतो ती साक्षांकित प्रत. भक्कम गोष्ट पडद्याआड निरुपयोगी पडलेली आणि तकलादू गोष्ट वाटेत आडवी घातलेली, असा हा प्रकार आहे. या पासवर्डला लोक सोपा म्हणतात. माझ्या मते सोय झाली ती पाठवणाऱ्या संस्थेची, कारण तिला प्रत्येकासाठी वेगळा पासवर्ड कळवण्याची यातायात करावी लागत नाही.

डिजिटल स्वाक्षरीचे टोकन, म्हणजे रोजच्या भाषेत डीएससी, हा दुसरा नमुना. पेन ड्राइव्हसारखे दिसणारे हे टोकन आपल्या खासगी किल्लीला आपल्या पोटात ठेवते आणि बाहेर पडू देत नाही. कंपनीच्या संचालकाला ते लागते, सरकारी कामाची ई-निविदा भरणाऱ्या कंत्राटदाराला लागते, ई-ग्रामस्वराज या सरकारी पोर्टलवरून ग्रामपंचायतीची देणी चुकती करायला सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकारी (पूर्वीचे ग्रामसेवक) यांना लागते. माहिती तंत्रज्ञान कायदा, २०००, याच्या ४२व्या कलमाप्रमाणे आपल्या खासगी किल्लीवर ताबा राखण्याची काळजी ज्याची त्याने घ्यायची आहे. आता एका सनदी लेखापालांच्या कार्यालयात मी पाहिलेला ड्रॉवर सांगते. त्यात मिठाईच्या रिकाम्या खोक्यात टोकनांची रास होती, प्रत्येकाला रबरबँडने चिठ्ठी बांधलेली, चिठ्ठीवर अशिलाचे नाव, टोकनाची मुदत संपण्याची तारीख आणि त्याखाली पिन. ड्रॉवरला कुलूप होते, ही त्यातल्या त्यात जमेची बाजू. सीए साहेब अत्यंत सचोटीचे गृहस्थ आहेत आणि त्यांचे अशील त्यांना वीस-वीस वर्षे ओळखतात. ग्रामपंचायतीतली टोकने कोणाच्या टेबलाच्या खणात असतात, हे ज्याने त्याने आपापल्या गावात विचारून पाहावे. विशेषतः जिथे सरपंचपद महिलेसाठी राखीव आहे तिथे.

या ड्रॉवरचा दोष लोकांच्या अडाणीपणाला देणे सर्वांत सोपे, आणि सुरक्षेवरच्या व्याख्यानांत तेच चालते. पण अशील टोकन देऊन टाकतो, कारण त्याला सही करायची नसते, त्याला विवरणपत्र भरून हवे असते. आणि टोकन चालवायचे तर ड्रायव्हर बसवा, ब्राउझरला चालेल असे जोडसॉफ्टवेअर बसवा, ते अद्ययावत करा, आणि मग पोर्टलला टोकन दिसत नाही म्हणून संगणक पुन्हा सुरू करा, असे सगळे करावे लागते. सीएच्या कार्यालयात हे सर्व मांडून ठेवलेला एक संगणक असतो. दुसऱ्याच्या वतीने काम करण्याची पद्धत आपल्याकडे कागदोपत्री फार जुनी आहे. मुखत्यारपत्र करून दिले की मुखत्यार स्वतःच्या नावाने, स्वतःची सही करून माझे काम करतो, त्याने केलेले मला बांधील राहते, आणि उद्या मला ते रद्द करता येते. टोकनाला मुखत्यार ठाऊक नाही. त्याच्या लेखी जगात एकच माणूस आहे, तो म्हणजे ज्याला पिन माहीत आहे तो. त्यामुळे लोकांनी मुखत्यारपत्राऐवजी स्वतःचा हातच देऊन टाकला.

२०१५ पासून आधारवर आधारित ई-साइनची सोय आली आणि जिथे ती चालते तिथे तिने टोकनाची कटकट संपवली. तिथे किल्ली तुमच्याकडे नसतेच. सेवा देणारी संस्था त्या एका सहीपुरती किल्ली तयार करते, सही झाली की नष्ट करते, आणि तुम्ही तुम्हीच आहात हे फोनवर आलेला ओटीपी सांगतो. वर सिग्नलबद्दल सांगितलेलाच हा मार्ग आहे, वापरणाऱ्याच्या डोक्यावरचा भार काढून संस्थेवर टाकण्याचा, आणि मला तो मान्य आहे. पण त्यात मुखत्याराची गरज तशीच राहिली. पूर्वी टोकन ड्रॉवरमध्ये असे, आता कार्यालयातून फोन येतो, “साहेब, आत्ता एक ओटीपी आला असेल, तेवढा सांगा.” आणि ओटीपी कोणालाही सांगू नका असे बँक दर महिन्याला बजावत असतानाही तो सांगितला जातो, कारण न सांगितले तर काम अडते.

हे सोडवायला नवे गणित लागत नाही. मालकाने आपल्या किल्लीने सही करून एक दाखला द्यायचा: अमुक व्यक्तीला, अमुक कामापुरती, अमुक तारखेपर्यंत माझ्या वतीने सही करता येईल. सीएने स्वतःच्या टोकनाने सही करायची आणि दाखला सोबत जोडायचा. कोणी कोणासाठी काय केले याची नोंद राहील, दाखला केव्हाही मागे घेता येईल, आणि कोणाची किल्ली कोणाच्या खणात जाणार नाही. प्राप्तिकराच्या पोर्टलवर आपल्या वतीने काम करायला दुसऱ्याला अधिकृत करण्याची सोय काही कामांपुरती आहेच. ती पोर्टलपुरती न राहता सहीच्या व्यवस्थेतच मुरायला हवी, आणि तिचा पडदा असा हवा की काकांना तो झेरॉक्सच्या दुकानात न जाता भरता येईल.

तोवर ओळखीच्या संचालकांना मी एवढेच सांगते, की टोकन सीएकडे ठेवायचेच असेल तर ठेवा, पण पिन चिठ्ठीवर लिहून देऊ नका, सहीच्या वेळी स्वतः टाका. सगळे मान डोलावतात, आणि सहीच्या दिवशी पिन व्हॉट्सॲपवर पाठवून देतात. निदान तो संदेश तरी एंड-टू-एंड एन्क्रिप्टेड असतो.